चोरट्या नरांची राखण

एम.एस्सी.साठी मी नेमकं काय करतोय, असं आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "माशांचा अभ्यास." तिला तेवढं पुरलं. पेणच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथे मासे सगळ्यांनाच कळतात. एवढं शिकून मुलगा शेवटी माशांकडेच परत आला, याचं तिला जरा हसूही आलं.

पुरा विषय मी तिला सांगितला नाही. चिलापी नावाच्या माशात नर आपली पिल्लं व्हावीत म्हणून काय काय युक्त्या करतात, आणि एकाच मादीच्या अंड्यांवर दोन नरांचं वीर्य पडलं तर कोणाची सरशी होते, हा माझा विषय होता. रोह्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्या सरांसमोर मी हे शब्द सहज वापरत असे. घरी ओटीवर बसून ते तोंडातून निघत नसत. आमच्याकडे म्हैस गाभण राहिली की चारचौघांत बोलत, पण ती कशी राहिली याबद्दल कोणी बोलत नसे.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिलाच. बाबा मिठागरावर काम करत आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या खारजमिनीत भात लावत. मला ज्यांनी शिकवलं त्या सरांनीच कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळवून दिली आणि वर म्हणाले, "आता थांबू नकोस. संशोधन करून एम.एस्सी. कर. मार्गदर्शन मी करीन." रोह्यासमोर नदीपलीकडे अष्टमी गाव आहे, तिथे मी एक खोली घेतली होती. रोज सकाळी कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडून कॉलेजात जाई आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.ने नागोठण्यावरून पेणला येई.

त्या उन्हाळ्यात माझं सगळं टांगणीला लागलं होतं. विद्यापीठातल्या नोंदणीची मुदत संपत आली होती. चिलापीची वीण जोरात असते ते गरम महिने हातचे गेले असते, तर प्रबंध पुरा झाला नसता, आणि पुन्हा नोंदणी करून आणखी वर्षं घालवण्याची आमची ऐपत नव्हती. चुलतभाऊ धाटावला केमिकल कंपनीत होता. त्याने माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "पर्मनंट होशील. शिफ्टची गाडी अष्टमीच्या नाक्यावरूनच जाते," असं तो प्रत्येक भेटीत सांगे. त्याचं काही चुकत नव्हतं. मलाच वर्गात उभं राहून शिकवायचं होतं, आणि त्याला एम.एस्सी. लागत होती.

माझे मासे होते गावाबाहेरच्या एका तळ्यात. पूर्वी कधीतरी खाडीचा बांध फुटला तेव्हा दुरुस्तीसाठी तिथली माती काढली होती. त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठून तळं झालं. कोणीतरी त्यात चिलापी सोडली आणि ती वाढली. दर उन्हाळ्यात पाणी कमरेएवढं झालं की गावातली माणसं टोपल्या, जाळी घेऊन एकदम तळ्यात उतरत आणि मिळेल ते घरोघर वाटून घेत. त्या वर्षी मी पंचांसमोर जाऊन उभा राहिलो. माझा अभ्यास होईपर्यंत तळ्यात उतरू नका, एवढंच मागितलं. एक म्हातारे पंच म्हणाले, "पोरगा शिकतो हाय. ऱ्हावं दे. पन मिरगाच्या आधी उरक रे बाबा, नायतर पानी चढंल नि मासा जाईल खाडीला." गावाने तोंडचा मासा माझ्यासाठी राखून ठेवला. हे उपकार मी कधी विसरलो नाही.

काठावर बांबूचा एक माळा बांधून मी त्यावर पालथा पडून पाण्यात बघत असे. उन्हाळ्यात तिथलं पाणी नितळ होई आणि काठाजवळचा तळ स्वच्छ दिसे. पलीकडच्या काठाला बायका गोधड्या धुवायला येत. शेजारची काकी एकदा ओरडून म्हणाली, "काय रं, लागलं का मासोलीचं लगीन?"

दुसरी म्हणाली, "गो, त्यांची रोजच लागतान. त्याला इचार, त्याचं कवा हाय?"

"त्याचं कसं लागंल? त्याला रातभर मासोल्याच दिसतान!"

मी मान वर केली नाही. मान वर केली की नोंद चुके.

मला दिसत होतं ते असं. विणीच्या दिवसांत चिलापीचा मोठा नर काळाकुट्ट होतो, फक्त गळा पांढुरका राहतो. तो तोंडाने चिखल उचलून बाजूला टाकतो आणि ताटाएवढा गोल खळगा करतो. ते त्याचं घर. त्या घरावर तो दिवसभर गस्त घालतो, शेजारच्या काळ्यांशी तोंडाला तोंड लावून भांडतो. करड्या रंगाची मादी आली की तिच्यापुढे अंग थरथरवत तिला खळग्यात नेतो. ती अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. नर त्याच वेळी वीर्य सोडतो, तेही पाण्याबरोबर तिच्या तोंडात जातं. पुढे पिल्लं होऊन ती फिरती होईपर्यंत मादी त्यांना तोंडात सांभाळते. तेवढे दिवस ती जवळपास उपाशीच असते.

पण तळ्यात दुसऱ्या प्रकारचेही नर होते. हे लहानखुरे, रंगाने मादीसारखेच करडे. त्यांना खळगा नाही, गस्त नाही, भांडण नाही. काळा नर त्यांना मादी समजतो आणि जवळ येऊ देतो. खरी मादी अंडी घालू लागली की यांतला एखादा सरळ खळग्यात घुसतो, वीर्य सोडतो आणि पसार होतो. वरून बघून त्यांना मादीपासून वेगळं ओळखता येत नाही. मी काही लहान मासे पकडून त्यांचं पोट हलकेच दाबलं होतं. ज्यांच्यातून दुधासारखं पांढरं वीर्य आलं त्यांच्या शेपटीचा वरचा कोपरा ओळखीसाठी जरासा कापून त्यांना परत सोडलं होतं. सर अशांना चोरटे नर म्हणत. इंग्रजी पुस्तकांतही असाच शब्द होता.

आठवड्यातले पाच-सहा दिवस मी रोह्याला असे. तेवढे दिवस तळ्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं होतं. बाबा म्हणाले, "मी हाय ना. जल्मभर राखनच केली."

ते खरं होतं. भात तयार झालं की डुकरं येऊ नयेत म्हणून ते खळ्यावर झोपत. मिठाच्या राशींची राखण त्यांनी कित्येक वर्षं केली. मिठागरावरचं काम पहाटे आणि उन्हं उतरल्यावर असे, म्हणून मधला भर दुपारचा वेळ ते तळ्यावर काढू लागले. त्यांनी माळ्यावर माडाच्या झापांची सावली केली. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की कोणाला गळ टाकू देऊ नका आणि जमलं तर काय दिसतं ते ध्यानात ठेवा.

बाबांचा त्या माशांत जीव अडकेल, असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्याच शनिवारी मी एस.टी.तून उतरून थेट तळ्यावर गेलो, तर ते माळ्यावर पालथे पडले होते. उठले नाहीत. बोटाने दाखवत म्हणाले, "यो बघ, यो घरवाला. काल समोरच्याशी लय भांडला. गाल फाटला त्याचा. पन जागा नाय सोडली."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बापाशी असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. पण पाण्याकडे बघत, एकमेकांच्या तोंडाकडे न बघता बोलायचं असल्यामुळे ते जमलं. करड्या मादीचं सांगितलं, मग करड्या नरांचं सांगितलं. बाबा एकदम उठून बसले.

"म्हंजे यो दिसभर चिखल उपसनार, मारामाऱ्या करनार, आनि यो फुकट्या बायकांत मिसलून आत शिरनार?"

"हो."

"आनि याला कलत नाय?"

"नाही कळत."

"आनि तू नुस्ता लिवून घेतोस?"

"तेच तर काम आहे, बाबा."

त्यांच्या चेहऱ्यावर शेतात गुरं शिरलेली बघून यावा तसा राग आला होता. मला त्याचं हसू आलं आणि मी तो विषय तिथेच सोडला.

पुढचे दोन शनिवार मला गावी येता आलं नाही. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा होत्या आणि प्रयोगशाळा सहायकाला रजा मिळणं शक्य नव्हतं. त्यानंतर आलो आणि रविवारी सकाळी लवकर माळ्यावर चढलो. मोठा काळा नर जागेवर होता, खळगा साफ होता, पण आजूबाजूला घुटमळणारे करडे मासे जवळजवळ दिसेनात. उन्हं चढेपर्यंत बघितलं. एकही चोरटा नर खळग्याच्या वाटेला आला नाही. कोणीतरी जाळं टाकलं, असं वाटलं.

बाबा चहाची किटली घेऊन आले. मी विचारायच्या आतच म्हणाले, "आता बघ कसं निर्मल हाय! एक चोर ऱ्हायला नाय याच्या दारात."

"चोर कुठे गेले?"

"काढले. एकेक करून. हातजाल्यानं."

त्यांनी तेवढे दिवस भर उन्हात बसून, कोण खळग्यात बाजूने शिरतो ते हेरून, त्याला अलगद उचललं होतं. ज्या माणसाला राखण करायला सांगितली त्याने राखण केली होती. कोणा माणसाने मासे धरू नयेत एवढंच मी सांगितलं होतं, आणि माझ्या डोक्यात राखण तिथेच संपत होती. बाबांच्या डोक्यात ती त्या ताटाएवढ्या खळग्याच्या कडेपर्यंत गेली होती.

मला राग येण्याइतकंही त्राण उरलं नाही. सगळी नोंद होती ती चोरटे नर किती वेळा येतात याची, आणि चोरटे नरच नव्हते. पावसाला फार दिवस नव्हते. मी विचारलं, "मारले?"

"ह्या! कॉलेजचा माल हाय, मारीन कसा?" बाबांना वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी बोट केलं. तळ्याला लागूनच, जुन्या बांधाच्या आड, एक उथळ डबकं होतं. सगळे त्यात सोडले होते. तांदळाच्या कण्या आणि भाताचा कोंडाही ते रोज टाकत होते.

घरी जेवताना मी गप्प होतो. आईने ताटात कालवण वाढत विचारलं, "काय झालं रं?" बाबाच म्हणाले, "त्याला चोर पायजे होते. मी काढले." मग त्यांनी आईला सगळं सांगितलं. खळगा, मादी, करडे नर, वीर्य, काही म्हणजे काही सोडलं नाही. मी ताटाकडे बघत राहिलो. मला जे दोन वर्षं सांगता आलं नव्हतं ते त्यांनी भाताच्या चार घासांत सांगून टाकलं. आई सगळं ऐकून म्हणाली, "आनि ह्याला सरकार डिग्री देतं?"

"देत होतं," मी म्हणालो.

सोमवारी मी रोह्याजवळ वरसे गावात सरांच्या घरी गेलो. सर सुशिक्षित घरातले. त्यांचे वडीलही मास्तर होते. पण माझ्याशी बोलताना त्यांनी तो फरक कधी जाणवू दिला नाही. मी सांगत असताना ते ओट्यावर येरझारा घालत होते. शेवटी म्हणाले, "वडलांना काय बोललास?"

"काहीच नाही."

"बरं केलंस. आता मला एक सांग, त्या डबक्यात तू नीट बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. मला ते बघवलंच नव्हतं.

"मग रविवारी मी येतो," सर म्हणाले. "तोवर कशाला हात लावू नका म्हणावं."

सर खरंच आले. पेण स्टँडवरून गावापर्यंत टमटममध्ये लोंबकळत आले. बाबांनी स्वच्छ सदरा घातला होता आणि ते बांधावर हात जोडून उभे होते, पंचांसमोर उभे राहतात तसे. सर त्यांना म्हणाले, "दादा, तुमचे चोर दाखवा बघू."

डबक्याच्या कडेला आम्ही तिघं उकिडवे बसलो. आधी नुसतीच पाण्याची चकाकी दिसली. मग डोळे सरावले. डबक्याच्या मधोमध ताटलीएवढा खळगा होता, नुकता उपसलेला. त्यावर एक काळा मासा फिरत होता. पुरता काळा नव्हे, अजून पोटाकडे करडा उरला होता. त्याच्याहून लहान दोघा-तिघांना तो हुसकावत होता. तो वळला तेव्हा मी बघितलं, शेपटीचा वरचा कोपरा कापलेला होता.

"बाबा, हा इथे कोणी सोडला?"

"मीच. पन मी काला नाय सोडला. काला एक पन नाय."

"तेच म्हणतोय," सर हळू आवाजात म्हणाले. "हा तुमच्या चोरांपैकीच आहे."

बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. तेवढ्यात एक करडा मासा खळग्याकडे आला आणि काळ्याने त्याच्यापुढे अंग थरथरवलं. बाबांनी चोर म्हणून उचललेल्यांत खऱ्या माद्याही होत्या. मी ते बोलून दाखवलं तेव्हा बाबांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे त्या घरवाल्याच्या बायका मीच पलवल्या?"

सर मोठ्याने हसले. "अहो, खुद्द नवऱ्याला जे ओळखता येत नाही ते तुम्हाला कसं येणार?"

बाबाही हसले. सर आल्यापासून पहिल्यांदाच.

मग सरांनी मला काय करायचं ते सांगितलं. काही नर जन्मानेच चोरटे असतात की मोठ्यांची भीती आणि जागेची टंचाई त्यांना तसं करते, हा प्रश्न माझ्या प्रबंधात शेवटच्या पानावर नुसता लिहून सोडायचा होता. आता तो समोर होता. निम्मे करडे मासे खुणा बघून परत तळ्यात सोडायचे, उरलेले डबक्यातच ठेवायचे, आणि पाऊस येईपर्यंत दोन्हीकडे बघत राहायचं. "वेळ पुरेल?" मी विचारलं. "पुरेल की नाही ते मला नाही माहीत," सर म्हणाले. "पण रोज दुपारी इथे कोणीतरी बसलं तर पुरेल. आणि बसणाऱ्याने नुसतं बसलं पाहिजे."

शेवटचं वाक्य त्यांनी बाबांकडे बघून म्हटलं. बाबांनी मान हलवली.

पण ते त्यांना जमेना. मधल्या आठवड्यात मी मुद्दाम एक दिवस येऊन बघितलं. दोन्हीकडे बसायला त्यांनी बांधाच्या टोकाला जागा केली होती. करडा नर खळग्याच्या कडेला आला की त्यांचा हात आपोआप काठीकडे जाई. ते काठी पाण्यात घालत नसत, पण नुसती सावली हलली तरी मासा पळे. "हात जातो रं," ते ओशाळून म्हणाले. "नाय ऱ्हात. डोल्यांदेखत कुनी आत शिरतं नि मी बसून ऱ्हावं?"

मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "त्यांना इकडे आण. काय बघतोय ते त्यांना कळायला हवं."

बाबा रोह्याला माझ्या कॉलेजात त्या दिवशी पहिल्यांदा आले. रविवार होता, इमारत रिकामी होती. जिन्यात त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. मी घाला म्हणालो तरी घातल्या नाहीत. टेबलावर आम्ही दोन मासे चिरून ठेवले होते, एक तळ्यातला मोठा काळा आणि एक करडा चोरटा. सरांनी दोघांचे वृषण काढून शेजारी शेजारी ठेवले. लहान माशाचे वृषण त्याच्या देहाच्या मानाने केवढे तरी मोठे होते.

"याला घर नाही," सर म्हणाले, "खळगा उपसण्यात याची ताकद जात नाही, भांडण्यात जात नाही. ती सगळी याने इथे लावली आहे. संधी मिळते क्षणभर. त्या क्षणात घरवाल्याच्या वीर्यात याचं वीर्य मिसळणार. तेव्हा ज्याचं जास्त त्याची आशा जास्त."

मी सूक्ष्मदर्शकाखाली करड्या नराच्या वीर्याचा ठिपका ठेवला. बाबांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग जमलं. "काय दिसतं?"

"काय नाय. बारीक बारीक रवा."

मी कडेने पाण्याचा थेंब सोडला. माशाच्या शरीरात असेपर्यंत हे शुक्राणू निपचित असतात. पाणी लागलं की एकदम जागे होतात. बाबा दचकून मागे सरले आणि पुन्हा डोळा लावला.

"आई शप्पत! उकलतंय सगलं!"

"हे सगळे नराचे. पिल्लं व्हायला प्रत्येक अंड्याला यातला एकच लागतो."

"एकच? आनि बाकीचे?"

"बाकीचे धावतात."

ते बघत राहिले. थोड्या वेळाने गर्दी मंदावली. काही जागच्या जागी हलत राहिले आणि मग तेही थांबले. बाबांनी डोळा काढला नाही. "दमले," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, "घरवाल्याचे पन असेच धावतान?"

"असेच."

परत जाताना पुलावर ते मध्येच थांबले. खाली कुंडलिकेला ओहोटी होती. मला वाटलं, दमले असतील. ते म्हणाले, "त्याला चोर बोल्लो मी. पन धावायचं तं दोघानला पन हायच." आणि पुढे चालू लागले.

त्यानंतर त्यांनी काठी घरी ठेवली. मी शनिवारी येई तेव्हा ते बांधाच्या टोकाला दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले असत. काकी पलीकडून विचारी, "दादा, हात का लपवलंत? बायकोनं मारलं का?" बाबा तिकडे बघतही नसत. काय दिसलं ते मला सांगत. आज तळ्यात किती जण घुसले, डबक्यात दुसऱ्या एकानेही खळगा करायला घेतला आणि पहिल्याने तो मोडला, एक मादी गाल फुगवून बसली आहे, सगळं सांगत. सांगताना त्यांच्या आवाजात कधी त्रास असे. घरवाल्याच्या खळग्यात दोन-दोन करडे शिरले तो दिवस त्यांना फार जड गेला होता. "बसलो," एवढंच ते म्हणाले. मी माझ्या परीने ताडून बघत असे, आणि त्यांचं सांगणं माझ्या नोंदींशी जुळे. पाऊस येण्याआधी आमचं काम कसंबसं पुरं झालं. मग गाव तळ्यात उतरलं आणि मासे घरोघर गेले. आमच्याही घरी आले. बाबांनी त्या दिवशी कालवण खाल्लं नाही, पण आईला तसं सांगितलंही नाही. पोट बरं नाही म्हणाले.

तोंडी परीक्षेला मुंबईला गेलो. इंग्रजीची भीती होतीच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळून पहिलाच प्रश्न विचारला, "चोरटे नर किती वेळा आले ते तुम्ही लिहिलंत. त्यांचे वृषण मोठे, वीर्य दाट, हेही लिहिलंत. पण मादीच्या तोंडातून जी पिल्लं बाहेर आली ती कोणाची होती?"

हे शोधायचं साधन आमच्याकडे नव्हतं. त्या काळी रोह्याला तर नव्हतंच. खोटं सांगायला मला सुचलं नाही.

"सर, ते मला माहीत नाही."

"मग स्पर्धा जिंकली कोणी?"

"स्पर्धा झाली एवढं मी बघितलं. कोण जिंकलं ते बघता आलं नाही, म्हणून लिहिलं नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला धाटावची शिफ्टची गाडी दिसू लागली. मग त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "आता मला ते डबकं सांगा." मी सांगू लागलो. मोडक्या इंग्रजीत सुरुवात केली आणि कधी मराठीत शिरलो ते कळलं नाही. त्यांनी अडवलं नाही.

निकाल कळला त्या संध्याकाळी मी पेणहून चालतच गावात आलो. बाबा ओटीवर होते. मी पाया पडलो आणि म्हणालो, "पास झालो." आई आतून हात पुसत धावत आली. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग बाबांनी विचारलं, "काय इचारलं त्यांनी?"

मी सांगितलं.

"आनि तू काय बोल्लास?"

"म्हणालो, माहीत नाही."

"तरी पन पास केला?"

"हो."

बाबा विचारात पडले. मला ते ओळखीचं होतं. बांधावर त्यांचा चेहरा असाच होई. "पन मादीला तरी ठावं असंल," ते म्हणाले. "तिच्या तोंडात असतान ती. घरवाल्याची कंची नि त्या दुसऱ्याची कंची."

"नाही बाबा. तिलाही कळत नाही. ती सगळी तोंडात घेऊन फिरते. थोडी मोठी झाली की बाहेर सोडते. काही धोका दिसला की सगळी परत आत घेते."

"सगली?"

"सगळी."

आई दारातच उभी होती. "मंग?" ती म्हणाली. "उपाशी ऱ्हाऊन सांभाललीन तिनं, ती तिचीच. आता हात धुवा दोघं पन, भात निवतो."